रिचार्जचे दर बदलले की घरचा हिशेब कसा सांभाळायचा: पाच नंबरांच्या अनुभवातून

आमच्या घरात पाच नंबर आहेत आणि पाचही रिचार्ज मीच करते. माझा आणि यांचा पुण्यात, मुलीचा कोल्हापूरला तिच्या कॉलेजच्या गावी, आणि सासूबाई-मामंजींचे दोन संगमेश्वर तालुक्यातल्या घरी. 'तुमचा पॅक आज संपत आहे' असा मेसेज आला की ॲप उघडायचं आणि समोर दिसेल तो प्लॅन मारायचा, अशीच आमची बरीच वर्षं गेली. मग २०२४च्या जुलैत ३ तारखेला जिओ आणि एअरटेलने आणि ४ तारखेला व्होडाफोन आयडियाने दर वाढवले. त्याच वर्षी सासूबाईंचा बारा वर्षांचा नंबर कायमचा बंद पडला. त्यानंतर मी वही घातली आणि सगळं नीट समजून घेतलं.

घरच्या रिचार्जची जबाबदारी ज्यांच्यावर नव्यानेच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्या नोकरीसाठी घर सोडलेली मुलं असोत, किंवा ज्यांचे आईवडील 'तूच बघ बाबा ते' म्हणून फोन हातात देतात ती माणसं असोत. माझं एकच सांगणं आहे: प्लॅनची किंमत पाहू नका, रोजचा खर्च पाहा, आणि तो फोन वापरणाऱ्या माणसाला खरोखर काय लागतं ते पाहा.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा:

- एक वही आणि घरातल्या सगळ्या नंबरांची यादी
- प्रत्येक नंबराचा शेवटचा रिचार्ज मेसेज (किंमत, दिवस आणि संपण्याची तारीख त्यात असते)
- ज्या कंपनीचं सिम आहे तिचं ॲप
- कोणत्या बँकेला, गॅसला, आधारला कोणता नंबर जोडला आहे त्याची टिपणी
- कंपनी बदलायची असेल तर, नंबर ज्याच्या नावावर आहे त्याचं आधार कार्ड

## १. प्रत्येक नंबराची एक ओळ लिहा

वहीत सहा रकाने आखा: नंबर कोण वापरतं, कुणाच्या नावावर आहे, फोन साधा की स्मार्ट, रोज नेट किती लागतं, कुठेकुठे जोडला आहे, पॅक कधी संपतो.

'कुणाच्या नावावर' हा रकाना लोक सोडून देतात, आणि तिथेच पुढे सगळं अडतं. आमच्याकडे सासूबाईंचा नंबर धाकट्या दिरांच्या नावावर निघाला, कारण सिम घेताना त्यांचीच कागदपत्रं दिली होती. नंबर बंद पडला, कंपनी बदलायची असली किंवा सिम हरवलं, तर ज्याचं नाव त्यालाच हजर राहावं लागतं. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते कळतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ नंबर चालतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

नेट किती लागतं हे अंदाजाने लिहू नका. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा डेटा वापर दिसतो, त्याला तीसने भागा. माझा अंदाज होता की मला दिवसाला दोन जीबी लागतात. घरात वायफाय आणि ऑफिसात वायफाय, त्यामुळे मोबाइलचं नेट दिवसाला अर्धा जीबीसुद्धा जात नव्हतं.

## २. रोजचा खर्च काढा

प्लॅनची किंमत भागिले दिवस. एवढंच गणित आहे, पण ते कागदावर केल्याशिवाय डोळे उघडत नाहीत.

जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन घ्या. जुलै २०२४च्या आधी तो २३९ रुपयांना होता, नंतर २९९ झाला. साठच रुपये वाढले असं वाटतं. पण २८ दिवसांचा प्लॅन वर्षातून बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. म्हणजे वर्षाचे ३,१०७ रुपये होते ते ३,८८७ झाले. एका नंबरामागे ७८० रुपये, आणि घरात असे चार नंबर असतील तर ३,१२० रुपये.

त्याच वाढीनंतरचे, त्याच दीड जीबीचे वेगवेगळे पर्याय मी वहीत असे लिहिले होते:

- २९९ रुपये, २८ दिवस: रोजचे १० रुपये ६८ पैसे
- ३१९ रुपये, पूर्ण कॅलेंडर महिना: वर्षाला ३,८२८ रुपये, म्हणजे रोजचे १० रुपये ४९ पैसे
- ७९९ रुपये, ८४ दिवस: रोजचे ९ रुपये ५१ पैसे

३१९चा प्लॅन दिसायला महाग, पडायला स्वस्त. वर त्याची तारीख हलत नाही, म्हणजे पाच तारखेला मारला की दर महिन्याच्या पाच तारखेला. पगारावर घर चालवणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. ही सोय कंपन्यांनी आपणहून दिलेली नाही. ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा ठेवलाच पाहिजे. तो ॲपच्या पहिल्या पानावर सहसा नसतो. खाली जाऊन शोधा, किंवा दुकानदाराला स्पष्ट सांगा की 'कॅलेंडर महिन्याचा द्या'.

आता जी गोष्ट मला मनापासून खटकते ती. रोज दोन जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन ३४९ रुपयांना झाला. तेरा वेळा मारला तर ४,५३७ रुपये. त्याच कंपनीचा रोज अडीच जीबीचा वर्षाचा प्लॅन ३,५९९ रुपयांना होता. नेट जास्त, आणि वर्षाला ९३८ रुपये कमी. पण हा फायदा ज्याच्या हातात एकदम साडेतीन हजार आहेत त्यालाच. ज्याला महिन्याचे तीनशे काढतानाही विचार करावा लागतो, तो रोज जास्त भरतो. घरात कामाला येणाऱ्या मावशी, गावाकडचे एकटे आईवडील यांच्यासाठी काही करायचं मनात असेल तर दिवाळीला मिठाईबरोबर लांब मुदतीचा रिचार्ज करून द्या. त्यांचे खरोखर पैसे वाचतात.

मात्र ज्या जागी नेटवर्क पक्कं माहीत नाही, तिथे पहिल्याच झटक्यात वर्षाचा प्लॅन घेऊ नका. आधी २८ दिवस वापरून पाहा. कंपनी बदलली की उरलेले दिवस आणि उरलेला बॅलन्स दोन्ही बुडतात.

(हे आकडे त्या त्या वेळचे आहेत. तुम्ही वाचाल तेव्हाचे दर ॲपवर किंवा ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर पाहा. त्या पोर्टलवर सगळ्या कंपन्यांचे प्लॅन एकाच ठिकाणी शोधता येतात.)

## ३. दरवाढ कुठल्या वाटेने आली ते ओळखा

किंमत वाढली तर पेपरात बातमी येते. बाकीच्या वाटांनी वाढ झाली तर कुणी सांगत नाही.

एक वाट दिवसांची. जानेवारी २०२५मध्ये जिओने फक्त बोलण्याचा वर्षाचा प्लॅन १,९५८ रुपयांना आणला आणि थोड्याच दिवसांत त्याची किंमत १,७४८ केली. वरवर पाहिलं तर २१० रुपये उतरले. पण दिवस ३६५चे ३३६ झाले होते. जुन्या दराने ३३६ दिवसांचे साधारण १,८०२ रुपये होतात, म्हणजे खरी बचत ५४ रुपयांची. स्वस्त झाला हे खरं, पण दिसतो तेवढा नाही. किंमत बदललेली दिसली की लगेच दिवसांच्या रकान्याकडे नजर टाका.

दुसरी वाट सोयी काढून घेण्याची. जुलै २०२४च्या आधी जिओ आणि एअरटेलवर अमर्याद फाइव्ह-जी बऱ्याच लहान प्लॅनवर मिळत होतं. त्यानंतर ते रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतंच राहिलं. मुलीच्या फोनवर अचानक नेट संपायला लागलं ते याच कारणाने. तिचा वापर तेवढाच होता, फक्त फाइव्ह-जीचा मोजला न जाणारा डेटा आता मोजला जाऊ लागला होता.

तिसरी वाट म्हणजे लहान प्लॅनच नाहीसा होणं. ऑगस्ट २०२५मध्ये जिओने रोज एक जीबीचा २४९ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन आपल्या ॲप आणि संकेतस्थळावरून काढला, त्याच सुमारास एअरटेलनेही आपला २४९चा प्लॅन थांबवला. कोणत्याच प्लॅनची किंमत वाढली नाही, पण ज्यांना एक जीबी पुरत होता त्यांना ॲपवर २९९कडे जावं लागलं. त्यांच्यासाठी ही पन्नास रुपयांची वाढच. ॲपवर नेहमीचा प्लॅन दिसला नाही तर दुकानात विचारा. काही प्लॅन फक्त दुकानांत मिळतात.

आणि एक गळती, जी आपणच चालू ठेवतो: वरच्या डेटाचे छोटे पॅक. मुलगी रोज दीड जीबीवर होती. महिन्यातून चार वेळा एकेक जीबीचा १९ रुपयांचा पॅक मारायची. २९९ अधिक ७६ म्हणजे ३७५. दोन जीबीचा प्लॅन ३४९ला होता आणि त्यावर फाइव्ह-जी अमर्याद. महिन्याला दोनपेक्षा जास्त वेळा वरचा पॅक मारावा लागत असेल तर मूळ प्लॅन चुकला आहे. हे छोटे पॅक घेताना त्यांची मुदत वाचा, कित्येक त्याच रात्री बारा वाजता संपतात.

## ४. ज्याला नेट लागत नाही त्याच्या नेटचे पैसे भरू नका

मामंजींकडे बटणांचा फोन आहे. टॉर्च, रेडिओ आणि मोठे आकडे, बास. दर महिन्याला ते एसटी स्टँडसमोरच्या दुकानात जायचे. दुकानदार विचारायचा, "अण्णा, महिन्याचा मारू ना?" हे म्हणायचे, "मार." एकदा मी सुट्टीत गेले असताना त्यांच्या फोनवरचे मेसेज वाचले. २९९, दीड जीबी रोज. त्याच्या आधीच्या महिन्यातही तोच. ज्या फोनवर इंटरनेट चालतच नाही, त्यावर रोज दीड जीबी येत होतं आणि रात्री बारा वाजता जात होतं. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या मोबाइलवर जो प्लॅन सगळ्यात वर दिसतो तोच तो मारतो.

अशा नंबरांसाठी ट्रायने २३ डिसेंबर २०२४ला नियम बदलले. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा, नेट नसलेला पॅक ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यानंतर आलेले पॅक मी वहीत लिहिले: एअरटेलचे ४६९ रुपयांना ८४ दिवस आणि १,८४९ रुपयांना ३६५ दिवस, जिओचे ४४८ रुपयांना ८४ दिवस आणि वर सांगितलेला १,७४८चा. रोजचे साधारण पाच ते साडेपाच रुपये. मामंजींचे वर्षाचे ३,८८७ होत होते ते १,८४९वर आले, म्हणजे २,०३८ रुपये वाचले.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, नेट नसलेला पॅक स्मार्टफोनवर घेतलात तर मोबाइल डेटा बंद करून ठेवा, नाहीतर मुख्य बॅलन्समधून पैसे जाऊ शकतात. नेट पूर्ण बंद करायचं असेल तर १९२५ या नंबरावर 'स्टॉप' हा शब्द इंग्रजीत एसएमएस करा, पुन्हा हवं असेल तेव्हा 'स्टार्ट'. दुसरी, वडीलधाऱ्यांना दुकानात पाठवताना चिठ्ठीवर प्लॅनची किंमत आणि 'नेट नको' असं मोठ्या अक्षरांत लिहून द्या. मामंजींच्या पाकिटात आता तशी चिठ्ठी आहे.

## ५. दुसरा नंबर जिवंत ठेवा

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पैशांपेक्षा मोठं नुकसान होतं.

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आल्या आणि पाच महिने राहिल्या. त्यांचा फोन कपाटात. रिचार्ज संपला होता, पण आम्हाला वाटलं की आता कुठे कुणाला फोन करायचाय, येणारे फोन तर येतातच. ते तसं नसतं. पॅक संपला की आधी जाणारे कॉल बंद होतात, आणि काही दिवसांनी येणारेही. मग नंबर वापरात नाही अशी नोंद होते. गावी परतल्यावर फोन चार्ज केला तर वर 'नो सर्व्हिस'. त्यांची पेन्शन ज्या बँकेत येते तिथे तोच नंबर, गॅसला तोच, आधारला तोच. कंपनीच्या दुकानात सांगितलं की नंबर परत मिळणार नाही. गुडघा बरा होत असताना बँकेच्या तीन फेऱ्या आणि आधार केंद्राची एक फेरी त्यांना करावी लागली.

नियम असा आहे. सलग ९० दिवस नंबराचा काहीच वापर नसेल, म्हणजे कॉल, एसएमएस, डेटा काही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते, त्याआधी नाही. पण प्रीपेडच्या मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये किंवा जास्त असतील तर ते २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस राखायचा, अशीही तरतूद ट्रायने २०१३पासून केलेली आहे. म्हणून कमी वापराच्या नंबरात मुख्य बॅलन्स शंभरेक रुपये टाकून ठेवा. लक्षात घ्या, मुख्य बॅलन्स वेगळा आणि पॅक वेगळा. २९९चा पॅक मारला म्हणजे बॅलन्स आला असं नाही. आणि हे २० रुपये फक्त नंबर राखतात, त्याने कॉल सुरू होत नाहीत. ओटीपी येत राहायला हवा असेल तर चालू पॅक लागतोच.

बंद झालेला नंबर ९० दिवस कुणालाच दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या बँकेचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार, यूपीआय, गॅस, डीमॅट सगळीकडे नवा नंबर लावा आणि मगच रिचार्ज थांबवा. ज्यांची मुलं परदेशी आहेत आणि इथला नंबर बँकेसाठी चालू ठेवला आहे, त्यांनी हे विशेष पाहावं. त्यांच्यासाठी वर्षाचा कॉल-एसएमएस पॅक चांगला, मात्र जाण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या.

मी आता कालनिर्णयच्या पानावर प्रत्येक नंबराच्या संपण्याच्या तारखेच्या तीन दिवस आधीच्या चौकोनात लाल पेनाने नाव लिहिते.

## ६. पोस्टपेडवर जायचं असेल तर

थोडक्यात सांगते. प्रीपेडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या किमतीत नसतो. ४४९ रुपयांचा प्लॅन बिलावर जवळपास ५३० होतो. घरातले तीन-चार नंबर एकाच बिलात आणले तर कधीकधी परवडतं, पण प्रत्येक जादा नंबराचे पैसे आणि त्यावरचा जीएसटी मिळवून मगच प्रीपेडशी तुलना करा.

खात्यातून आपोआप बिल जाण्याची सोय लावली असेल तर तिची कमाल मर्यादा बिलाच्या जवळपासच ठेवा, पाच हजार नको. पैसे जाण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती वाचा. दरवाढ किंवा चुकीची आकारणी तिथेच पकडता येते.

नोकरीत मिळालेला नंबर वर्षानुवर्षं वापरून त्यालाच बँक जोडली असेल, तर तो कंपनीच्या नावावर असतो हे विसरू नका. नोकरी सोडण्याआधी मालकी आपल्या नावावर करून घेण्याचं पत्र मागा. नंतर ते पत्र मिळवणं कठीण जातं.

## ७. कंपनी बदलायची तर या क्रमाने

1. आधी जागेवर नेटवर्क तपासा. अंगणात नव्हे, तर ज्या खोलीत फोन असतो तिथे. शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन घेऊन स्वयंपाकघरात, माजघरात, रात्री झोपायच्या जागी कॉल लावून पाहा. आमच्या धाकट्या दिरांनी दर बघून कंपनी बदलली आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत उभं राहून बोलायची वेळ आली. एकदा बदललं की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही.

2. फोन चालेल का ते पाहा. जिओचं जाळं फोर-जीपासून सुरू होतं, जुना टू-जी बटणांचा फोन त्यावर चालत नाही. मामंजींसाठी कंपनी निवडताना हाच मुद्दा निर्णायक ठरला.

3. पोस्टपेड असेल तर आलेलं बिल भरून टाका.

4. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट' हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहून १९००वर एसएमएस करा. आठ अक्षरांचा कोड येतो. महाराष्ट्र आणि गोव्यात तो चार दिवस चालतो. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी १९००वर मेसेज गेलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१चा आदेश आहे. मेसेज जात नसेल तर त्याच मुद्द्यावर तक्रार करा.

5. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. शुल्क दहा रुपयांच्या आत असतं. कुणी 'पोर्टिंगचे दोनशे' म्हणालं तर ते रिचार्जचे आहेत की कसले ते पावतीवर लिहून मागा.

6. त्याच सर्कलमध्ये (मोबाइल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यातला एक) तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह एका सर्कलमध्ये आहे. म्हणून पुणे ते रत्नागिरी तीन दिवस, मुंबई ते रत्नागिरी पाच. जुनं सिम तोवर काढू नका. बदलाच्या वेळी काही तास नेटवर्क जातं, त्या दिवशी बँकेचं मोठं काम ठेवू नका.

सिम हरवून नुकतंच नवं घेतलं असेल तर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. हा नियम १ जुलै २०२४पासून आहे, आणि फसवणूक रोखण्यासाठीच आहे.

कोड मागितला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात: थांबा, तुम्हाला खास दर देतो. ऐकून घ्यायला हरकत नाही. पण तो दर किती महिने आणि त्यानंतर किती, हे मेसेजवर लेखी मागा. लेखी आलं नाही तर तो दर धरू नका.

## ८. न सांगता पैसे कापले तर

मामंजींच्या मुख्य बॅलन्समधले, नंबर राखण्यासाठी टाकलेले शंभर रुपये दोन महिन्यांत संपले. कॉलर ट्यून सुरू झाली होती. एका रेकॉर्ड केलेल्या कॉलवर त्यांच्या हातून बटण दाबलं गेलं होतं. अशा सेवा बंद करायला १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांसाठी एकच मोफत क्रमांक आहे. तिथे 'स्टॉप' पाठवा किंवा फोन करा.

पैसे परत हवे असतील तर पायऱ्या अशा:

पहिली पायरी १९८. हा तक्रारीचा मोफत क्रमांक आहे. १२१ माहितीचा आहे, तिथे तक्रार नोंदली गेली असं समजू नका. १९८वर बोलताना डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागा आणि तो एसएमएसने आला याची खात्री होईपर्यंत फोन ठेवू नका. डॉकेट नसेल तर पुढच्या पायरीवर तुमच्याकडे काहीच पुरावा नसतो.

उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ई-मेलने चालतो, पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. आमचे पैसे या पायरीवर परत आले. पहिल्यांदा 'ग्राहकाच्या संमतीने सेवा सुरू झाली' एवढंच उत्तर होतं. अपिलात मी संमतीची नोंद मागितली, तेव्हा रक्कम जमा झाली. प्रीपेड ग्राहकालाही गेल्या सहा महिन्यांच्या वापराचा तपशील जास्तीत जास्त ५० रुपयांत मागता येतो, तोही सोबत जोडा.

तिथेही न्याय मिळाला नाही तर ग्राहक आयोग आहे. मोबाइलच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपन्या सांगत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये तो प्रश्न निकाली काढला, त्या तक्रारी तिथे चालतात. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५वर, फोन करून पाहा. मराठीतही बोलता येतं.

## ९. दरवाढ जाहीर झाली त्या आठवड्यात

२०२४मध्ये जिओने २७ जूनला आणि बाकी दोघांनी २८ जूनला वाढ जाहीर केली, आणि लागू झाली ती ३ आणि ४ जुलैपासून. मधल्या त्या पाच-सहा दिवसांत जुन्या दराने रिचार्ज करता येत होता. मला ते त्या वेळी कळलं नाही. माझ्या शेजारणीने चारही नंबरांवर ८४ दिवसांचे पॅक घालून ठेवले.

चालू पॅकची काळजी करू नका. तुम्ही ज्या दराने घेतला आहे त्याच दराने तो मुदतीपर्यंत चालतो. ट्रायच्या दर-नियमांनुसार घेतलेल्या प्लॅनमधले दर सहा महिने वाढवता येत नाहीत, आणि सहा महिन्यांपेक्षा लांब मुदतीचा असेल तर ती पूर्ण मुदत संपेपर्यंत नाही.

पुढचा पॅक आगाऊ मारण्याआधी एक प्रश्न विचारा: हा रांगेत लागेल की आजपासूनच सुरू होईल? रांगेत लागणारा पॅक जुना संपल्यावर सुरू होतो. नाहीतर दोन्ही एकाच वेळी चालतात आणि पैसे फुकट जातात. ॲपमध्ये 'पुढचे प्लॅन' अशा नावाखाली तो दिसला की मगच दुसऱ्या नंबराचा रिचार्ज करा.

घाईत कंपनी बदलू नका. त्या जुलैत बीएसएनएलने दर वाढवले नव्हते आणि एका महिन्यात तिचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. त्या जाळ्यावर ज्यांच्या गावात चांगलं नेटवर्क आहे त्यांचा तो निर्णय योग्यच होता. तुमच्या गावात ते आहे का, हे सातव्या पायरीतल्या पद्धतीने घरात बसूनच ठरवा.

आणि क्रम लावा. आधी गावाकडचे नंबर, जिथे दुकान लांब आहे आणि ॲप वापरता येत नाही. मग शिकणाऱ्या मुलांचे, आणि सगळ्यात शेवटी आपला. घरी फोन करून सांगा की नवा दर लागू झाला तरी दुकानात जायची गरज नाही, पॅक भरून ठेवला आहे आणि तो अमुक तारखेपर्यंत आहे. ती तारीख त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावा आणि तुमच्या वहीतही लिहा.